जाळीच्या दारातून बदललेली कुंडी

मंगळवार, दुपार

आधी आले दातवाले. बसवाली मागून आली, धापा टाकत, कारण लिफ्ट बंद होती आणि तिचा देह माझ्यासारखाच भरघोस. पण थांब, तुला कसं कळणार कोण दातवाले आणि कोण बसवाली? मलाही काल सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

अगं भिंगरी, बेल वाजली! आपल्याकडे बेल वाजली की मला आधी टीव्हीतच वाजल्यासारखं वाटतं. आतलं लाकडी दार उघडलं, तर जाळीच्या दारापलीकडे एक उंच, वाळकुडे गृहस्थ, हातात रिकामी पेटी. म्हणाले, "झाडं न्यायला आलोय."

"कुठली झाडं?"

"ऑस्ट्रेलियाची. बोन्साय. आमचं बोन्सायवाल्यांचं मंडळ आहे. तुमच्या चिरंजीवांचा फोन होता, कुणी सांभाळणारं असेल तर घेऊन जा म्हणाले."

तरी मी चेहरा हसरा ठेवला. आत या म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. दाराला बाहेरून कुलूप. त्यांनी कुलपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मुलगा किल्ली घेऊन ऑफिसला गेलाय." असं म्हटलं, जसा काही चुकून घेऊन गेला.

तेवढ्यात बसवाली वर पोचली. तीही त्याच मंडळातली. ती बस चालवते, अंगावर तोच गणवेश, खिशाला शिट्टी. "काय हो, बाहेर का उभे?" तर दातवाले म्हणाले, "आत जायची सोय नाही." तिने कुलूप हलवून बघितलं, मग जाळीला नाक लावून मला म्हणाली, "आजी, काय गुन्हा केलात?"

मी इतकी हसले की वरची कवळी सुटली. दातवाल्यांचं लगेच तिकडे लक्ष. "कुणी बनवली ही? चावा उंच ठेवलाय. जेवताना कट कट वाजत असेल." वाजते की! तुझ्या बापाला सांगून सांगून थकले. हे गृहस्थ जन्मभर कवळ्या बनवायचे, म्हणून मी त्यांना दातवाले म्हणते. तोंडावर नाही हं.

कुलूप तुला नवीन नाही, तेच जुनं आहे. पूर्वी घरात कुणी नसताना लागायचं, आता मी असताना लागतं, एवढाच फरक. झालं काय, तुझ्या झाडांना जाडसर वाळू हवी होती, आणि कोपऱ्यावर बांधकाम चाललंय तिथे ढीगच पडलाय. पिशवीभर मागून आणली. येताना जिन्यात गुडघा म्हणाला बस. बसले. लोक म्हणतात पडले. पडले नव्हते गं, बसले होते. जरा जोरात बसले. कुणीतरी तुझ्या बापाला फोन केला, तो ऑफिसातून तसाच धावत आला, चेहरा खडूसारखा पांढरा. तुला ठाऊक आहे ना त्याचं विम्याचं काम. दिवसभर कोण कुठून घसरलं, कुणाचं खुब्याचं हाड मोडलं, हेच कागद डोळ्यांसमोर. दुसऱ्या दिवसापासून कुलूप. माझी किल्ली त्याने जपून ठेवलीय. इतकी जपून की विचारलं की त्यालाच आठवत नाही कुठे.

तर पाहुणे. मी म्हटलं, आलाच आहात तर बघून तरी जा. कागदी सालीचं झाड पायपुसण्यावर चढवलं आणि पायपुसणं ओढत ओढत बाल्कनीपासून दारापर्यंत आणलं. फरशी गुळगुळीत, मजेत आलं. दातवाल्यांनी जाळीतून दोन बोटं घालून मातीत खुपसली, तर बोटं जाईनात. कुंडीच्या भोकातून मुळांची दाढी बाहेर लोंबतेय, आणि एका कडेला कुंडीला चीर. बसवाली म्हणाली, "हे तर माझ्या सकाळच्या फेरीसारखं झालंय. दार लागत नाही."

दातवाले म्हणाले, असं हे नेता यायचं नाही. आधी कुंडी बदलायला हवी, आणि ती आत्ताच, या उन्हाळ्यात. हा उन्हाळा गेला तर संपलं.

मी विचारलं, "कुंड्या थंडीत बदलतात ना? झाड झोपलेलं असताना?"

"मेपलसारख्यांच्या. पानं गाळून झोपतात त्यांच्या. ही ऑस्ट्रेलियाची मंडळी वेगळी. थंडीत मुळं कापलीत तर नवी फुटत नाहीत, जखम तशीच राहते आणि सडते. यांना उकाडा हवा. तुम्हाला आम्हाला घाम फुटतो तेव्हा यांना मुळं फुटतात."

मग मला कळलं तुझ्या त्या दुसऱ्या झाडाचं, बँक्सियाचं काय झालं ते. तुला मी लिहिलं नव्हतं. तू कॉलेज सोडून त्या नर्सरीत कामाला लागलीस, तुझा बाप म्हणाला एक तर झाडं नाहीतर हे घर, आणि तू ही झाडंही सोडलीस आणि घरही. आम्हाला वाटलं झाडं तो फेकून देणार. नाही गं. थंडीत एक दिवस रजा काढून बसला. कुठलंसं पुस्तक आणलेलं. बँक्सिया काढून नळाखाली मुळं पांढरीशुभ्र धुतली, कापली, नव्या कुंडीत लावलं, वर हाडांचा चुरा घातला मूठभर. म्हणाला, जरा सकस खाऊ दे. तिचं आवडतं आहे. महिनाभरात त्या कणसासारख्या फुलासकट झाड वाळलं. तेव्हापासून त्याला बाल्कनीकडे बघवत नाही. म्हणून त्या मंडळाला फोन.

शनिवारी येतो म्हणालेत. अवजारं घेऊन. मी त्यांना सांगितलं नाही की शनिवारीही तो अर्धा दिवस ऑफिसात असतो. विचारलं कुठे त्यांनी?

आता कामाचं. तुझ्याकडे आपल्या दाराची किल्ली राहिलीय. तू रागात खिशात घालून गेलीस तीच. ती मला पाठव. जाळीतून हात बाहेर काढून कुलपापर्यंत पोचतो, मी करून बघितलंय. मला कुठे लांब जायचं नाही. गच्चीवर पूर्ण ऊन असतं, आपल्या बाल्कनीत न्याहरीपुरतं. आणि खाली जायचं. खाली काही काम नाही, पण जायचं.

फोनवर हे बोलत नाही, कारण फोनवर आवाज फुटला की समोरच्याला कळतं. कागदाला कळत नाही. बसवाली उद्या जाता जाता पत्र नेऊन टाकते म्हणालीय, तिच्या वाटेवर पेटी आहे.

तुझी आजी

शनिवार, संध्याकाळ

हातांना अजून माती आहे, कागदाला डाग पडेल, पडू दे. तुला वासही येईल, निलगिरीच्या जवळ जातो असा. मी इतकी दमलेय आणि इतकी खूश आहे की तुझ्या आजोबांशी लग्न ठरलं त्या दिवशीसुद्धा नव्हते. त्या दिवशी तर रडतच होते.

आले दोघं सकाळीच. कुलूप बघून बसवाली म्हणाली, "आजही?" मी म्हटलं, "आजही." दातवाले बाहेर पायरीवर वर्तमानपत्र पसरून मांडी घालून बसले. वयाने माझ्याएवढे असतील, पण गुडघे बघ कसे. मी आत बुटक्या स्टुलावर. मध्ये जाळी. कुंडी जाळीतून जात नाही, माणूस जात नाही, हात कोपरापर्यंत जातो. म्हटलं चालेल. कोपरापर्यंत पुष्कळ झालं.

कुंडीतून झाड निघेना. बसवाली म्हणाली, "ओढू नका, बाळ अडलंय." तू पावासाठी ठेवलेली ती लांब करवतीसारखी सुरी आठवते? कडेने ती फिरवली, मग सुटलं. बाई गं, मातीचा कणच नाही, नुसता मुळांचा काथ्या, कुंडीच्या आकाराचा, कोपरेसुद्धा तसेच! मला बघून कसंतरी झालं. दातवाले म्हणाले, "घाबरू नका. याची जात चिवट असते. फक्त उघडं पडल्यावर सुकू देऊ नका." तर मी एका हाताने पाणी फवारतेय, दुसऱ्या हाताने ओलं फडकं धरलंय.

त्यांनी जाळीतून एक हूक दिला. दातांचा! दाढेमागचं काढायचा. म्हणाले मुळं विंचरायला याच्यासारखं काही नाही. बाहेरची मुळं खाली विंचरायची, जशी तुझी जट मी सोडवायचे तशी, आधी टोकं, मग वर. तू किती किंचाळायचीस. झाड किंचाळत नाही तेवढं बरं. मग खालचा थर सुरीने सपाट कापला. पण मधला गोळा तसाच ठेवायचा, जुन्या मातीसकट, धुवायचा नाही अजिबात. मी म्हटलं, "आमच्याकडे एक धुतलं होतं." ते म्हणाले, "हो, कळलं मला तेव्हाच." मुळं कापली तेवढी वरची पानंही उतरवायची. मुळं थोडी आणि पानं सगळी, मग पाणी पुरणार कसं? मला कापवेना. बसवालीने बाहेरून कात्री घातली आणि म्हणाली, "तुम्ही तिकडे बघा आजी." मी तिकडे बघितलं.

आणि तेवढ्यात लिफ्टचं दार वाजलं. आज नेमकी चालू होती.

तुझा बाप.

त्याला काय दिसलं असेल बघ. दारात दोन अनोळखी माणसं जमिनीवर, हात जाळीतून आत. आत आई, पदर खोचलेला, मांडीवर उघडंबोडकं झाड, घरभर माती. त्याची पिशवीच खाली पडली.

"आई, हे काय चाललंय?"

मी काही म्हणायच्या आत बसवाली म्हणाली, अगदी बसमधल्या आवाजात, "साहेब, आत जायचं तर आत जा, नाहीतर बाजूला व्हा. मुळं उघडी आहेत, उजेड अडतोय."

आणि बघ हं, तो आत गेला नाही, बाजूलाही झाला नाही. त्याने किल्ली काढली आणि दार उघडलं. सताड. दोघंही आत आले. किती दिवसांनी घरात इतकी पावलं वाजली. मला वाटलं आता भांडण होणार. तो नुसता झाडाकडे बघत उभा. मग म्हणाला, "उन्हाळ्यात? आत्ता? मी थंडीत केलं होतं."

दातवाले म्हणाले, "हो."

"पुस्तकात तसंच होतं."

"पुस्तक दुसऱ्या झाडांचं असणार. आणि वर काय घातलंत? हाडांचा चुरा?"

"सकस म्हणून."

"बँक्सियाला तेच चालत नाही. त्यांच्याकडची माती गरीब. ही झाडं गरिबीतच वाढलेली. श्रीमंत खत घातलं की मुळं करपतात." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आमच्या मंडळात प्रत्येकाने एक तरी असं मारलंय. मी तर तीन."

तुझ्या बापाने शर्टाच्या बाह्या वर केल्या. झाड सरळ धरायला कुणीतरी लागतंच. तारेने कुंडीला बांधायचं असतं, हललं तर नवी मुळं तुटतात. तर त्याने धरलं. खाली भोकांवर जाळीचा तुकडा, मग जाड वाळू, चाळलेली, धूळ काढून (माझीच वाळू, जिन्यातली), झाडाच्या सालीचा भुगा मिसळलेला. मी काठीने टोचून टोचून मुळांमधल्या पोकळ्या भरल्या. तो धरूनच होता. घाम नाकावरून टपकत होता, पण पुसायला हात सोडला नाही. मी माझ्या पदराने पुसला. लहानपणी पुसायचे तसा. त्याने पुसू दिला.

पाण्याच्या ताटलीत ठेवायचं म्हणे काही आठवडे, याला पाय ओले लागतात. आणि सावलीत. आणि फुटवे दिसेपर्यंत कुठे न्यायचं नाही. म्हणजे झाड राहिलं ना गं! मी चहा केला. बसवालीने तीन कप घेतले.

ते निघाले. तुझा बाप त्यांना लिफ्टपर्यंत सोडून आला, आत आला, लाकडी दार लोटलं. मग ऑफिसात काही विसरलं म्हणून पुन्हा निघाला. आणि खट्. कुलूप सवयीने लावलं असेल. हाताला सवय लागते, मला माहीत आहे.

किल्ली पाठव हं. कागदात गुंडाळून, वरून चिकटपट्टी लाव, नाहीतर टपालात सांडते. हे पत्र उद्या कचरेवाल्याकडे जाळीतून देईन, तो चांगला आहे.

आजी

सोमवार, सकाळ

तुझं पाकीट मागच्या आठवड्यात आलं. पोस्टमनने जाळीतून टाकलं. मी ते उघडायच्या आधी दाबून बघितलं. सगळीकडून दाबलं. मऊच होतं.

वाचलं. मोठं लिहिलंयस, अक्षर सुरेख. तिथे तुझ्या नर्सरीत कागदी सालीच्या झाडांची रांगच आहे म्हणतेस, आणि तू कुंड्या बदलायला शिकलीस त्याही उन्हाळ्यातच, छान. आणि मग लिहिलंयस, "किल्ली नाही पाठवत आजी, रागावू नकोस. तू पुन्हा पडलीस तर तुला उचलणार कोण?"

अगं, मी मोठ्याने हसले. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं. तुझा बाप हेच म्हणतो! अगदी हेच, "उचलणार कोण" इथे तोही असाच थांबतो. दीड वर्ष एकमेकांशी बोलत नाही तुम्ही, आणि या एका गोष्टीत दोघांचं एकमत. मला बिचारीला मध्ये ठेवून. असो. रागावले नाही. रात्री जेवले मात्र कमी.

झाडाचं ऐक. आठवड्याभरात उरलेली पानंही गळली. नुसती काटकी. मी रोज सकाळी तिच्याशी बोलायचे, काय बोलायचे ते लिहिण्यासारखं नाही, शिव्याच होत्या. तुझा बाप ऑफिसला निघताना बूट घालून बाल्कनीत जायचा, ताटलीत पाणी आहे का बघायचा आणि जायचा. मला वाटलं हेही गेलं, आता हा पुन्हा कधी मातीला हात लावायचा नाही.

परवा मी खोडावरची ती पापुद्र्यासारखी साल न्याहाळत होते. चष्मा वर केला, खाली केला. सालीतून हिरवे ठिपके. फांदीच्या टोकाला नाही, जुन्या लाकडातूनच! एक बघितला तर दहा दिसले. मी इथूनच ओरडले, "अरे ये!" तो दाढी करत होता, अर्ध्या गालाला फेस, तसाच आला. गुडघ्यावर बसला. किती तरी वेळ बसला. मग उठताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिला कळवलंस का?"

तिला, म्हणजे तुला. नाव नाही घेतलं. पण विचारलं. आता तू काय करायचं ते तुझं तू बघ. मी मध्ये पडत नाही, मला पडायची मनाई आहे.

काल रविवार. दोघं आले फुटवे बघायला. दार उघडं, तुझा बाप घरी, तू असतीस तर म्हणाली असतीस हे आपलंच घर का! दातवाल्यांनी ठिपके मोजल्यासारखे बघितले आणि त्यांचा चेहरा असा झाला जसा कुणाला कवळी पहिल्याच खेपेला बसलीय. बसवालीने माझी पाठ थोपटली, फुप्फुस हललं. आता बाल्कनीतल्या बॉटलब्रशच्या झाडाची पाळी, म्हणाले. उकाडा आहे तोवर उरकायला हवं. निलगिरीला मात्र आधी वरून छाटायचं, कोंब सुटू लागले की मगच मुळांना हात, ती फार रुसकी. बॉटलब्रश या आठवड्यातच. बसवालीची सुट्टी गुरुवारी.

तुझा बाप म्हणाला, "गुरुवारी माझी मीटिंग आहे."

मी चहा ओतत होते. मनात म्हटलं, आता. आता तो म्हणेल, आई उघडेल.

तो उठला, आत गेला. खणाचा आवाज आला. बाहेर आला तो हातात किल्ली. माझी! लाल दोरा होता ना तिला, तीच. इतके दिवस आठवत नव्हती कुठे आहे. मी किटली खाली ठेवली. हात पुसला.

आणि त्याने ती दातवाल्यांच्या हातात दिली.

"तुम्ही उघडून आत या," म्हणाला. "जाताना तेवढी आठवणीने लावा."

दातवाले किल्ली हातात घेऊन बसून राहिले. बसवालीला कुठे राहवतंय. "आणि आजींना एक नाही का?"

"आईला कशाला?" तो म्हणाला. चिडून नाही गं, अगदी मायेने, मला शालीत गुंडाळतात तसं. "तुम्ही असणारच आहात ना."

मी म्हटलं, "खरंच, मला कशाला," आणि बिस्किटं आणायला आत गेले. बिस्किटं टेबलावरच होती.

तर आता हिशेब असा, की एक किल्ली तुझ्या बापाकडे, एक तुझ्याकडे तिथे लांब, आणि एक एका कवळीवाल्याच्या खिशात, ज्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. माणसं चांगली आहेत सगळी. एकही वाईट नाही. वाईट असतं कुणी तर भांडले तरी असते.

जाताना तुझा बाप लिफ्ट धरून उभा, आणि बसवाली वहाणा घालायच्या निमित्ताने मागे राहिली. माझ्या कानाशी हळू म्हणाली. तिचं हळू म्हणजे आपलं साधं बोलणं. "आजी, गुरुवारी कुंडीचं काम तासाभरात उरकतंय. काका झाडाला पाणी देत बसतील. माझी बस नसली तरी माझ्या दोस्ताची खालून जाते. ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट, एक फेरी, परत दारात. गुडघ्याला मी आहे."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. पायांत काय घालू एवढंच विचारलं.

हे तुझ्या बापाला सांगू नकोस. बोललीस त्याच्याशी, तर बाकी सगळं सांग, झाडाचं सांग, तुझ्या नर्सरीचं सांग, एवढं सोडून. आणि तू मला उत्तर लिहून नको म्हणायला गेलीस, तरी ते वेळेवर पोचायचं नाही, हे मी बघूनच आज पत्र टाकतेय.

गुरुवारी येतो म्हणालेत, ऊन चढायच्या आत.

आजी